कायदामंत्र्यांना खुले पत्र : दान करायचे तर विचारायचे कोणाला?

माननीय कायदामंत्री, गोवा सरकार, पणजी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी सब-रजिस्ट्रार कार्यालयातून माझ्या मृत्युपत्राचा मसुदा परत आला. घर आणि कुळागर (सुपारीची बाग) गावच्या वाचनालयाला द्यावे, एवढीच माझी इच्छा. सल्लागाराने पंचवीस हजार मोजून घेतले आणि चकचकीत फायलीत 'सर्व मालमत्ता' असे ठोकून दिले. खिडकीतल्या बाईंनी पहिल्याच पानावर पेन्सिलीची रेघ ओढली. "मास्तर, बायको हयात आहे? मुलं आहेत?" संपले!

लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी. माझ्या अर्ध्यातला पुन्हा अर्धा मुलांसाठी राखीव. म्हणजे मला मनासारखी देता येते ती चवथाई. १८६७च्या पोर्तुगीज संहितेपासूनचा हा हिशेब आपल्या २०१२च्या वारसा कायद्यातही आहे. मुंबईचा मसुदा गोव्यात चिकटवणाऱ्या या विद्वानाला तो ठाऊक नव्हता. जाब विचारला तर म्हणतो, "सर, ते नोटरीने बघायचं."

खरा सल्लागार आधी घरच्यांचे वाटे मांडतो. हयातीत द्यायचे की मागाहून, ते विचारतो. हयातीत द्यायचे तर बायकोची संमती लागेल, हेही सांगतो. आणि कुळागर घेऊन वाचनालय करणार काय? सुपारी उतरवायला माणूस मिळत नाही, उन्हाळ्यात शिंपण कोण काढणार? त्यापेक्षा उत्पन्न देणे बरे नव्हे का? हे मला कोणी विचारलेच नाही. विचारले ते बँकेतल्या पोराने : "अंकल, दान कशाला? एसआयपी करा ना!" एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या हप्त्यांत, कमिशन आहे, दानात नाही. शंभरातल्या नव्वद सल्लागारांची गोष्ट हीच असेल. मी मोजले नाहीत, तुम्ही मोजा.

करसवलतीचे दुखणे दिल्लीचे, ठाऊक आहे, तरी ऐका. एका शाळेला चेक दिला. संस्थेने देणग्यांचे विवरणपत्र भरले नाही, मला फॉर्म १० बीई, म्हणजे देणगीचा दाखला, मिळाला नाही, देणगीवरची ८० जी कलमाची करवजावट बुडाली. नव्या करप्रणालीत तर ती वजावटच नाही. दोन हजारांवर रोख दिले तरी नाही. मग दानशूर गोंयकारांचे गोडवे भाषणांत कशाला गाता? कॅसिनोंना परवाने देताना सरकारला सल्लागार बरे सापडतात!

बाराही तालुक्यांच्या नोटरी कार्यालयांत आठवड्यातून एक दिवस जाणता वकील बसवा. त्याची फी फलकावर लिहा. वाटे कसे पडतात याचा एक कागद मराठी-कोंकणीत लावा. एवढेच मागणे आहे. याला समिती नेमू नका.

मी पंचाहत्तरीत आहे. उत्तर वारसांच्या नावे यावे अशी इच्छा नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा तालुका