चिनू, त्या दहा हजार स्ट्रीम्सचं

चिनू,

त्या प्रमोशनवाल्याचा तू पाठवलेला मेसेज वाचला, पैसे दे, तुझ्या गाण्याला "सात दिवसात दहा हजार स्ट्रीम्स, १००% ऑरगॅनिक", म्हणजे खरी माणसं ते ऑनलाइन दहा हजार वेळा वाजवणार म्हणे. बाबा म्हणतात घेऊ दे की, सगळेच करतात. पण माझा जन्म बँकेत खाती तपासण्यात गेला, मला आधी हेच पडलं की हे दहा हजार लोक आहेत तरी कोण आणि सगळे त्याच आठवड्यात रिकामे कसे??

मग वाचत बसले. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा मायकेल स्मिथ, खोटे स्ट्रीम वाजवून पैसे लाटले म्हणून २०२४ च्या सप्टेंबरात त्याच्यावर न्यूयॉर्कला आरोपपत्र दाखल झालं. त्यातला हिशोब बघ, ५२ क्लाउड अकाउंट, प्रत्येकात २० बॉट, म्हणजे माणसाशिवाय आपोआप गाणी वाजवणारी खोटी खाती, अशी एकूण १०४०, प्रत्येक खातं दिवसाला ६३६ गाणी वाजवणार, झाले ६,६१,४४० स्ट्रीम! एका स्ट्रीमला अर्धा सेंट धरला तरी रोजचे ३३०० डॉलर. एकाच गाण्यावर एवढे स्ट्रीम दिसले तर पकडले जाऊ म्हणून एआयने बनवलेली लाखो गाणी चढवली आणि सगळ्यांवर थोडे थोडे पसरले. आणि तुझा हा प्रमोशनवाला सगळे दहा हजार एकाच गाण्यावर ओतणार, अक्कल बघ त्याची.

बरं हे पैसे स्पॉटिफायसारख्या गाणी ऐकवणाऱ्या कंपनीच्या खिशातून जात नाहीत. महिन्याला जमा झालेला गल्ला एकच असतो आणि तो स्ट्रीमच्या हिश्श्याने वाटतात, म्हणजे बॉटने खाल्लं ते तुझ्यासारख्याच कुणाचं तरी.

१२ महिन्यात १००० स्ट्रीम नसतील तर स्पॉटिफाय त्या गाण्याचे पैसेच देत नाही हे माहितीये मला, तुझं सहाशेवर अडकलंय म्हणून जीव वरखाली होतोय तेही कळतं रे. पण खोटे स्ट्रीम ते मोजतच नाहीत, वर फारच झाले तर डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे तुझं गाणं तिथे चढवणाऱ्या कंपनीला, गाण्यामागे दंड लावतात, मग तो तुझ्याकडून वसूल करणार नाहीतर गाणंच काढून टाकणार. तिथे "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होईलच असं नाही.

त्याला आजच नाही म्हणून कळव. आधीच कुठल्या प्लेलिस्टमध्ये घातलं असेल तर काढायला सांग, चॅटचे स्क्रीनशॉट ठेव आणि डिस्ट्रिब्युटरला स्वतःहून मेल टाक, मसुदा मी करून देते हवं तर. आणि रेकॉर्डिंगला आलेल्या त्या तबल्यावाल्या दादाचे पैसे राहिलेत ना अजून? या प्रमोशनला द्यायला पाच हजार आहेतच हाताशी तर आधी त्याचे दे.

आई