औषध डोळ्यात पोहोचले, पण नेमके कुठे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नव्या आय ड्रॉप्सच्या बातम्यांत हल्ली ‘डोळ्यात अमुक पट जास्त औषध पोहोचते’ हे वाक्य हमखास असते. रबाळे एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत असले आकडे काढण्याचेच काम मी करतो, म्हणून ही विनंती: आकडा छापण्याआधी ‘डोळ्यात म्हणजे कुठे?’ एवढे विचारून घ्या.

एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा. तेवढे डोळ्यात मावतच नाही. बरेचसे गालावर ओघळते, नाहीतर अश्रुनलिकेतून नाकात उतरते (घशाशी कडवट लागते ते त्यामुळेच). कॉर्नियामागच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागच्या) पाण्यापर्यंत सहसा ५ टक्केही पोहोचत नाही, मागच्या रेटिनापर्यंत (दृश्य टिपणाऱ्या पडद्यापर्यंत) तर त्याहून कितीतरी कमी.

मोजणी किती नाजूक असते पाहा. काचबिंदूवरच्या ०.५ टक्के टिमोलॉलच्या ड्रॉप्समध्ये दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० लाख नॅनोग्रॅम औषध असते. प्रयोगातल्या प्राण्याच्या रेटिनात आम्ही शोधतो ते मोजके नॅनोग्रॅम. कॉर्नियाला लागलेला चिमटा तसाच रेटिनाला लावला की सँपल वाया. मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंच्या वजनावरून औषध ओळखून मोजणारे मशीन) इमानदारीत आकडा देतो, पण तो चिमट्याला चिकटलेल्या औषधाचा! म्हणून डोळ्याचा पृष्ठभाग आधी सलाइनने धुवायचा, डोळा गोठवायचा आणि प्रत्येक भागाला हत्यारे वेगळी घ्यायची. मग वजन करून तो भाग बारीक घोटायचा, अ‍ॅसिटोनायट्राइल हे रसायन घालून प्रथिने खाली बसवायची आणि वरचे निवळ मशीनला द्यायचे. त्याच औषधाचे ड्युटेरियमवाले (जड हायड्रोजनवाले) भावंड ठरल्या मापात आधीच मिसळलेले असते. वाटेत औषध थोडेफार गळाले तरी दोघांचे गुणोत्तर टिकते, त्यावरून हिशेब लागतो.

खरी गोम बुबुळात आहे. आपल्या काळ्या-तपकिरी बुबुळांत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असते आणि अ‍ॅट्रोपिन, टिमोलॉलसारखी औषधे त्याला चिकटून बसतात. बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स गडद डोळ्यांवर सावकाश चढतात, त्यामागे हेही एक कारण आहे. प्रयोगात मात्र अनेकदा लाल डोळ्यांचे पांढरे ससे वापरतात. त्यांच्या बुबुळात मेलॅनिनच नाही! रंगीत डोळ्यांचा ससा घेतला तर आकडा फुगतो, पण तोही जपूनच वाचावा लागतो. घोटलेल्या नमुन्यातून मशीन चिकटलेले आणि मोकळे असे सगळे औषध एकत्र मोजते, आणि त्या घडीला काम करते ते मोकळे. म्हणजे ‘बुबुळात २० पट’ असा आकडा निघाला तरी परिणाम २० पट होईलच असे नाही. माझ्या मते असा सुटा आकडा वाचकाची दिशाभूलच करतो.

माणसाच्या डोळ्यातले पाणी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवेळी थोडेसे काढता येते. काही जेनेरिक ड्रॉप्स मूळ औषधाच्या तोडीचे आहेत का, हे ठरवायला अमेरिकेचे औषध प्रशासनही अशी मोजणी मान्य करते. रेटिनाचा तुकडा मात्र औषध मोजण्यापुरता जिवंत माणसाचा कोण काढणार? तेव्हा रेटिनातल्या औषधाचा आकडा बातमीत आला की तो बहुतेक प्राण्यांवरचाच असतो. तो सशावरचा असेल तर ‘सशात’ हा शब्द मथळ्यातच यावा, आतल्या पानावरच्या शेवटच्या ओळीत नको.

आपला,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई