केबलवाले काका, लक्ष्मी रोडच्या फायबरसाठी मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

व्हॉट्सॲपवर थँक्यू म्हटलं की तुम्ही नुसता अंगठा पाठवता आणि विषय संपवता, म्हणून हे जरा मोठं आणि चार लोकांना दिसेल असं लिहितोय. नाव टाकू नको म्हणालात, नाही टाकत. पेठेत ज्यांच्या घरी तुमचं कनेक्शन आहे त्यांना दोन ओळींत कळेलच कोण ते.

बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो, नाहीतर काका, तुम्ही नेमकं काय केलंत ते कोणाच्या लक्षात येणार नाही. पुण्याची विसर्जन मिरवणूक लाईव्ह दाखवायची म्हणजे अलका चौकात क्रेन आणि दोन-तीन वायरवाले कॅमेरे लावून भागत नाही, खरी मजा मधे असते, बेलबाग चौकात मानाचे गणपती लक्ष्मी रोडला वळतात तिथे, कुंटे चौकात पथकं थांबून वाजवतात तिथे, आणि त्या गर्दीत वायर ओढत कॅमेरामन फिरवणं म्हणजे दहा मिनिटांत कोणीतरी अडखळून पडणार. मग वायरलेस कॅमेरा लागतो. सिमकार्डवाल्या बॅकपॅक असतात, बातम्यावाले वापरतात, पण विसर्जनाच्या दिवशी तिथे साधा फोन लागत नाही तर व्हिडिओ कुठून जाणार, आणि गेला तरी दोन-तीन सेकंद मागे. इकडे क्रेनवरच्या कॅमेऱ्यात टोल पडला आणि कट मारल्यावर तिकडे हात अजून वरच, असलं चालत नाही. म्हणून आमचे कॅमेरे कॉफडीएम लिंकवर, म्हणजे मोबाईल नेटवर्क न वापरता थेट रेडिओ लहरींनी चित्र पाठवणाऱ्या लिंकवर, दोन गिगाहर्ट्झच्या आसपास, चित्र फ्रेम-दोन फ्रेममध्ये हातात.

पण त्या कॅमेऱ्याच्या पाठीवरचा ट्रान्समीटर असतो शंभर मिलिवॉटचा. मैदानात ठीक आहे. लक्ष्मी रोडला दोन्ही बाजूंनी वाडे आणि इमारती, मधे दोन मजली रथ, लोखंडी सांगाडे, एलईडीच्या भिंती, जनरेटरच्या गाड्या आणि माणसं, आणि माणूस म्हणजे ह्या फ्रिक्वेन्सीला पाण्याचं पिंपच. अलका चौकातल्या ओबी व्हॅनवर, म्हणजे आमच्या थेट प्रक्षेपणाच्या गाडीवर, कितीही उंच अँटेना लावा, कुंटे चौकातलं काही दिसत नाही. म्हणजे अँटेना कॅमेऱ्याच्या डोक्यावर न्यायची, जवळच्या गच्चीवर, आणि तिथून सिग्नल व्हॅनपर्यंत आणायचा. कोॲक्सने, म्हणजे टीव्हीच्या केबलसारख्या तांब्याच्या वायरने, आणायचा तर ती आमची बोटाएवढी जाड चारशे नंबरची केबलसुद्धा ह्या फ्रिक्वेन्सीला शंभर मीटरमध्ये २२ डीबी (सिग्नल किती घटतो त्याचं माप) खाते, म्हणजे दीडशे भागांतला एक भाग उरतो, आणि आम्हाला तर किलोमीटरच्या पुढे जायचं होतं. फायबर १३१० नॅनोमीटरला किलोमीटरला ०.३५ डीबीच्या आसपास खाते. गच्चीवर एक डबा, त्यात अँटेनाचा आरएफ, म्हणजे रेडिओ सिग्नल, जसाच्या तसा लेझरवर चढतो, व्हॅनमध्ये दुसरा डबा तो उतरवून रिसिव्हरला देतो. आरएफ ओव्हर फायबर. कागदावर इतकं सोपं की आमच्या प्रोजेक्ट मीटिंगमध्ये त्यावर कोणी बोललंसुद्धा नाही.

आता काका, तुमच्याबद्दल.

तुम्हाला आम्ही बोलावलं होतं ते खरं तर गच्च्यांसाठी. कुठल्या वाड्याची किल्ली कोणाकडे, कुठल्या आजी दुपारी दोन ते चार दार उघडत नाहीत, कुठल्या सोसायटीच्या चेअरमनला आधी फोन केला नाही तर राग येतो, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ, कारण तीस वर्षं त्याच गच्च्यांवरून तुमच्या केबली गेल्यात. आमच्या मुंबईच्या टीमला वाटलं लोकल माणूस आहे, परवानग्या काढून देईल, जिना दाखवेल. तुम्ही जिना चढलात, डब्याचं झाकण उघडलंत, आत बघितलंत आणि म्हणालात, "हा तर नोड आहे उलटा."

आमच्यातले दोघं हसले. मला आठवतंय, कारण मी हसणार होतो तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला की हे शंभर टक्के बरोबर आहे. केबल टीव्हीत कंट्रोल रूममधून आरएफ लेझरवर चढवून फायबरने चौकातल्या नोडपर्यंत नेतात आणि तिथे उतरवून कोॲक्सने घराघरात देतात. २०१३ मध्ये पुण्यात सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले तेव्हा चॅनेल डिजिटल झाले पण फायबरवरून जाणारा माल आरएफच राहिला. आमचं तेच, फक्त दिशा उलटी आणि फ्रिक्वेन्सी जास्त. म्हणजे टीममधे ॲनालॉग लेझरबरोबर आयुष्य काढलेला माणूस एकच होता आणि त्याला आम्ही किल्ल्या आणायला पाठवत होतो.

मग तुम्ही पॅचकॉर्ड हातात घेतल्या, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या छोट्या फायबर केबली. ज्यांच्याकडून सामान भाड्याने आलं होतं त्यांनी सगळ्या निळ्या कनेक्टरच्या पाठवलेल्या, आणि डब्याचं तोंड हिरवं. घुसतात एकमेकांत, क्लिक पण होतं, म्हणून आमच्या आयटीवाल्या पोराने निवांत लावून टाकल्या होत्या, पॉवर मीटरवर लाईट पण येत होता. तुम्ही त्याला ओरडला नाहीत, हे मला फार आवडलं. एक हिरवा आणि एक निळा काढून त्याला स्कोपखाली दाखवलात, हिरव्याचं तोंड ८ अंशात तिरकं घासलेलं, निळ्याचं सपाट, दोघं समोरासमोर आले की मधे फट राहते, तीन-चार डीबी तिथेच जातात आणि वर प्रकाश उलटा फिरून लेझरवर आदळतो. नेटच्या लाईनला हे एकवेळ चालून जातं, एक आणि शून्य तेवढं कळलं की झालं. ॲनालॉगला लेझर डळमळला की तो खरखराट सिग्नलमध्ये बसतो आणि पुढे कुठल्याच मशिनने निघत नाही. "आमच्या काळी असं झालं की गिऱ्हाईकाच्या टीव्हीवर दाणे यायचे आणि लोक घरी येऊन शिव्या द्यायचे," हे तुमचं वाक्य आता आमच्या ग्रुपचं डीपी आहे.

आणि दुसरी गोष्ट तुम्ही बोलता बोलता सांगितलीत ती आमच्या सीनियर लोकांनी पण वहीत लिहून घेतली, की लाईटमध्ये १ डीबी गेला तर आरएफमध्ये २ जातात. ऑप्टिकल मीटरवर "तीनच डीबी लॉस आहे, चालतंय" म्हणणाऱ्याचे प्रत्यक्षात सहा गेलेले असतात. लिंक बजेटच्या शीटमध्ये, म्हणजे वाटेत सिग्नल कुठे किती जातो त्या तक्त्यात, हा दुप्पटचा हिशेब कोणी धरलाच नव्हता.

त्या संध्याकाळी हिरव्या पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेले फायबरचे तुकडे) पुण्यात कुठे मिळणार ह्यावर आमची फोनाफोनी चालू होती तोवर तुम्ही घरून खोकं घेऊन आलात. आणि मग रात्री त्या वाड्याच्या गच्चीवर, धुणं वाळत घालायच्या तारेला बॅटरी टांगून, तुम्ही एकेक जॉइंट मारलात. मी फायबर स्प्लायसिंग आधी पाहिलं नव्हतं असं नाही, पण असं निवांत पाहिलं नव्हतं. कोटिंग सोलायचं, स्पिरिटच्या कापडाने पुसायचं, पुसताना ती काचेची तार बारीक चूं असा आवाज करते तो ऐकायचा, क्लीव्हरवर टक् करून कापायची, आणि कापलेला केसाएवढा तुकडा चिमट्याने उचलून अमृतांजनच्या रिकाम्या बाटलीत. प्रत्येक वेळी. खाली गच्चीवर एक पण तुकडा पडू दिला नाहीत, सकाळी त्या आजींची नातवंडं तिथे अनवाणी खेळतात म्हणून. मशिनच्या स्क्रीनवर दोन टोकं समोरासमोर येतात, ठिणगी, आणि खाली ०.०२ डीबी. एक ०.०८ आला तर तुम्ही तो तोडून परत मारलात. मी म्हटलं चालेल काका, तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी चहा आणायला खाली गेलो.

शेजारचा एक पोरगा लाईट दिसतोय का म्हणून फायबरचं टोक डोळ्यासमोर धरायला गेला तेव्हा मात्र तुम्ही जो आवाज चढवलात तो बहुतेक मंडईपर्यंत गेला असेल. बरोबरच होतं. १३१० चा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून तर जास्त भीती. नंतर त्यालाच लाल पेन (फायबरमध्ये डोळ्याला दिसणारा लाल प्रकाश सोडणारं) देऊन कामाला लावलंत, आणि खिडकीच्या गजाशी केबल दुमडली होती ती जागा त्यानेच शोधली, जॅकेटमधून लालभडक दिसत होती.

बेलबाग चौकाच्या गच्चीपासून व्हॅनपर्यंत आमची केबल पुरत नव्हती, रस्ता ओलांडायचा तर वेगळी परवानगी, आणि वेळ संपत आलेला. तुम्ही तुमच्या चालू लाईनमधले दोन रिकामे कोअर, म्हणजे केबलमधल्या न वापरलेल्या फायबर, दिलेत. सणाच्या आदल्या रात्री, गिऱ्हाईकांची लाईन चालू असताना जॉइंट बॉक्स उघडणं म्हणजे काय जोखीम असते हे मला आता कळतं, एक कोअर चुकीचा हलला असता तर अर्ध्या पेठेचा टीव्ही गेला असता आणि तोही विसर्जनाच्या दिवशी. काही झालं नाही. मी नंतर ओळखीच्या एक-दोन लोकांना विचारलं, सगळे म्हणाले कोणी देत नाही असे कोअर.

एका गोष्टीवर आपलं वाजलं ते पण सांगून टाकतो. तुमचा कोअर तुमच्या कंट्रोल रूमवरून फिरून यायचा म्हणून ती वाट लांब, आणि कुंटे चौकाची आमची वाट छोटी. तिथे ड्रमवर उरलेली केबल तुम्हाला कापून नीट करायची होती, पसारा तुम्हाला बघवत नाही. मी म्हटलं राहू दे गुंडाळलेली, म्हणजे दोन्ही वाटांच्या लांबीतला फरक कमी राहील. फायबरमध्ये सिग्नलला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात, आणि ह्या दोन गच्च्या आम्ही कम्बायनरने जोडून रिसिव्हरच्या एकाच इनपुटला आणत होतो, गार्ड इंटरव्हल, म्हणजे दोन वाटांच्या वेळेत चालणारा फरक, होता ७ मायक्रोसेकंदांचा, त्यात हवेतला फरक पण धरायचा. एकच चित्र दोन वाटांनी आलं आणि त्यांच्यात त्याहून जास्त अंतर पडलं तर दोन्ही मिळून एकमेकांना मारतात, एकटी गच्ची चालते आणि दोन मिळून बंद पडतात. तुम्ही ऐकून घेतलंत, थोडा वेळ गप्प बसलात, मग ते वेटोळं स्वतःच व्यवस्थित मोठ्या गोलात बांधून पत्र्याखाली ठेवलंत. मला वाटतं त्या रात्री मी तुम्हाला शिकवलेली ती एकच गोष्ट असेल.

मोबाईल टॉवरचं पण तुमच्यामुळे निभावलं. शेजारच्या इमारतीवर टॉवर आणि २३०० ते २४०० मेगाहर्ट्झमध्ये फोरजी चालू, आमच्या चॅनेलला अगदी खेटून. आमचा चॅनेल परवान्यातला, कायदेशीर, पण शेजारी एवढा दणदणीत बोलायला लागला की ॲम्प्लिफायर आणि लेझर दोन्ही गुदमरतात. फिल्टर आमच्याकडे होते, ते ॲम्प्लिफायरच्या आधी बसवले. पण अँटेना पाण्याच्या टाकीच्या मागच्या बाजूला घ्या, टाकीचा आडोसा मिळेल, हे तुम्ही सुचवलंत, आणि ॲनालायझरच्या पडद्यावर टॉवरच्या सिग्नलचा तो डोंगर बराच खाली आला. काँक्रीटची टाकी, भरलेली. फुकटचं शिल्डिंग.

पावसाचं तर विचारूच नका. आमचे डबे वॉटरप्रूफ म्हणून आले होते, म्हणजे पावतीवर होते. तुम्ही कनेक्टरला रबर टेप ताणून गुंडाळला, खाली लूप सोडला म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, आणि डब्यावर निळी प्लास्टिकची बादली उलटी घातलीत, खालून विटेचे तुकडे लावून हवा जायला फट ठेवलीत. दुपारी जो सपाट्याने आला पाऊस, व्हॅनमध्ये आम्ही सगळे मीटरला डोळे लावून बसलो होतो. काटा हलला नाही. आमच्या डायरेक्टरने नंतर गच्चीवरचा फोटो बघितला आणि हे काय आहे विचारलं, मी सांगितलं वेदर प्रोटेक्शन.

मिरवणूक नेहमीप्रमाणे चोवीस तासांच्या पुढे गेली. मानाचे पाचही गणपती आमच्या वायरलेसवर बेलबागपासून अलकापर्यंत सलग दिसले, कॅमेरामन पथकाच्या मधे उभा राहून ताशाच्या कडेपर्यंत गेला तरी चित्र फुटलं नाही. ज्यांनी घरी बसून बघितलं त्यांना ह्यातलं काही कळायचं कारण नाही, कळलं असतं तर काहीतरी बिघडलं होतं. पहाटे तुम्ही परत एकदा गच्च्यांवर चक्कर मारून बॅटऱ्या बदलल्यात, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या वाड्यातल्या आजींनी आमच्या पोरांना उकडीचे मोदक दिले ते पण तुमच्या ओळखीवर, आम्हाला तर त्यांनी आधी दारातूनच परत पाठवलं होतं.

आता कामाचं. तुमच्या बिलात फक्त गच्च्यांची मजुरी लावलीये. जॉइंटचे पैसे नाहीत, पिगटेलचे नाहीत, कोअरचं भाडं नाही. अकाउंट्सवाल्या मॅडम दोनदा विचारून गेल्या की स्प्लायसिंग कोणी केलं मग, आकाशातून पडलं का. नीट बिल बनवून पाठवा, प्रत्येक जॉइंट मोजून, तोडून परत मारला तो पण धरून. नाहीतर मी स्वतः येतो आणि तुमच्या दुकानात बसून लिहून घेतो. बादलीचे पण लावा, ती आमचा एक पोरगा मुंबईला घेऊन आलाय आणि आता परत देत नाहीये.

तुमचाच,
ओबी व्हॅनमधला आरएफवाला