ताशी पौंडाचे सीसी करताना घनता कुठे गेली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत पेट्रोल इंजेक्टरच्या (इंजिनात इंधन फवारणाऱ्या झडपेच्या) क्षमतेचे रूपांतर-कोष्टक छापून आले आहे. ‘ताशी 1 पौंड = मिनिटाला 10.5 सीसी’ हा गुणक धरून त्यातले सगळे आकडे काढले आहेत. आयटीआयचे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी, ट्यूनिंग करणारे गॅरेजवाले अशी कोष्टके कापून भिंतीवर लावतात, म्हणून हे पत्र. 10.5 हा निव्वळ एककांचा गुणक नाही. त्यात पेट्रोलची एक ठरावीक घनता गृहीत धरलेली आहे, आणि ती कोष्टकात कुठेच लिहिलेली नाही.

पौंड आणि किलो ही दोन्ही वस्तुमानाची मापे. 1 पौंड म्हणजे 0.45359237 किलो, हे 1959 च्या करारापासून नेमके ठरलेले आहे. ताशी पौंडाचे ताशी किलो करताना पेट्रोल गार आहे की गरम, त्यात इथेनॉल किती, काहीही बघावे लागत नाही. ताशी 24 पौंडांचा इंजेक्टर म्हणजे ताशी 10.89 किलो, मिनिटाला 181.4 ग्रॅम. उलट जायचे तर मिनिटाच्या ग्रॅमला 0.1323 ने किंवा सेकंदाच्या ग्रॅमला 7.937 ने गुणावे, ताशी पौंड मिळतात. इथपर्यंत वादाला जागाच नाही.

सीसी (म्हणजेच मिलिलिटर) आणि लिटर ही मात्र आकारमानाची मापे. ताशी 1 पौंड म्हणजे मिनिटाला 7.56 ग्रॅम, त्याला 10.5 ने भागले की 0.72 उरतात. कोष्टकाने न सांगता धरलेली घनता, म्हणजे एका सीसीचे ग्रॅम, ती हीच. आपल्याकडच्या पेट्रोलसाठी 15 अंश सेल्सियसला 0.720 ते 0.775 ही मर्यादा आहे, म्हणजे 0.72 हे अगदी हलक्या टोकाचे पेट्रोल झाले. 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल साधारण 0.745 च्या आसपास भरते, कारण इथेनॉलच मुळात 0.79 चे. मग गुणक 10.15 येतो आणि 24 पौंडांचे 252 नव्हे, 244 सीसी होतात.

फरक साडेतीन टक्क्यांच्या आतला आहे, पण तो नेमका नको त्या बाजूला जातो. इंजिन ट्यूनिंगच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये इंजेक्टरचे सीसी आणि इंधनाची घनता वेगवेगळी भरायची असते, तिथे मुलांनी कोष्टकातले 252 आणि पंपावरची 0.745 घातली की ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) वाटते इंजेक्टर मिनिटाला 188 ग्रॅम देतो. इंजेक्टर त्या हिशेबाने कमी वेळ उघडला जातो आणि मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. मंद गतीला धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर मिश्रण दुरुस्त करून सांभाळून घेतो, म्हणून गाडी व्यवस्थित चालल्यासारखी वाटते. पूर्ण थ्रॉटलला ही दुरुस्ती बहुधा बंद असते. तिथे इंजिन तापते, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होते. त्यात भर म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा-इंधन गुणोत्तर 14.7 नव्हे, साडेतेराच्या जवळपास लागते. ते बदलायचे राहिले तर दोन्ही चुका एकाच दिशेने साचतात.

इंजेक्टरवरचा आकडा कोणत्या द्रवावर मोजला, हेही विचारायला हवे. अनेक उत्पादक पेट्रोलऐवजी एन-हेप्टेन या शुद्ध हायड्रोकार्बन द्रवावर चाचणी घेतात. त्याची घनता 0.684. छिद्रातून जाणारे वस्तुमान घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून हेप्टेनवर 24 पौंड देणारा इंजेक्टर 0.745 च्या पेट्रोलवर सुमारे 25 पौंड देतो. आकारमान मात्र 265 वरून 254 सीसीवर उतरते. हे 254 कोष्टकातल्या 252 च्या जवळ आहेत, पण तो निव्वळ योगायोग. दाबाचेही तसेच. 3 बार (दाबाचे एकक) दाबाला 24 पौंड असतील तर 4 बारला 27.7, कारण तिथेही वर्गमूळच.

गॅरेजमधल्या इंजेक्टर टेस्टिंग मशीनवर काचनळ्यांतले मिलिलिटर वाचून थेट 10.5 ने भागण्याची पद्धत रूढ झाली आहे. नळीत फेस असतो, आणि मशीनमधले द्रव पेट्रोल नसतेच. त्यापेक्षा वजन करावे. इंजेक्टर सतत उघडा ठेवून, गेजवर 3 बार स्थिर झाल्यावर, 60 सेकंदांचे द्रव आधी वजन केलेल्या कोरड्या भांड्यात घ्यावे आणि 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोलावे. त्याच द्रवाचे 100 मिलिलिटर तोलले की घनताही हाती येते, मग वर्गमुळाने पेट्रोलवर आणता येते. पल्सवर, म्हणजे इंजेक्टर उघड-मीट करत, घेतलेले वाचन यासाठी वापरू नये. उघडण्या-मिटण्यात जाणारा वेळ त्यात मिसळतो. उघड्या पेट्रोलवर हा प्रयोग तर कधीच करू नये.

तापमानाचा उल्लेख कोष्टकात नाही. 15 अंशांना 0.740 असलेले पेट्रोल 40 अंशांना 0.717 च्या आसपास येते, म्हणजे 3 टक्के हलके. पंपावर लावलेली घनता 15 अंशांवर आणलेली असते. मे महिन्यात अकोल्यात हायड्रोमीटर बुडवून कमी आकडा आला की भेसळीची ओरड होते. आधी तक्त्यावरून तापमानाची दुरुस्ती करावी.

शेवटच्या रकान्यात नुसते ‘गॅलन’ छापले आहे. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश 4.546 लिटरचा, फरक 20 टक्क्यांचा. विमानाच्या पेट्रोलचे अमेरिकन गॅलनला 6 पौंड धरतात, ब्रिटिश गॅलनला ते 7.2 होतात. प्रशिक्षणाच्या सेस्ना 172 एस विमानात वापरता येणारे 53 अमेरिकन गॅलन म्हणजे 318 पौंड, 144 किलो. हेच ब्रिटिश समजले तर कागदावर 173 किलो दिसतील आणि टाकीत नसलेल्या 29 किलोंवर उड्डाणाचा हिशेब होईल.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापताना सीसीचा रकाना 10.15 ने नव्याने काढावा आणि कोष्टकाच्या डोक्यावर ‘पेट्रोलवर मोजलेली क्षमता, घनता 0.745, तापमान 15 अंश, दाब 3 बार, गॅलन अमेरिकन’ ही ओळ द्यावी, ही विनंती. किलोचा रकाना बरोबर आहे, तो तसाच ठेवावा.

आपला,
एक वाहनतंत्र प्रशिक्षक, पिंपरी