जुन्या पेठांना छोटे आणि स्वस्त गाळे द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धुळे, जळगाव, अमळनेर या शहरांतील जुन्या पेठांच्या सुशोभीकरणाची चर्चा अधूनमधून होते आणि ती बहुधा कमानी, दिवे व फरश्या यांच्यापाशीच थांबते. पेठेला खरी गरज आहे ती गिऱ्हाईक जिथे रेंगाळते अशा लहान दुकानांची आणि त्यांना परवडेल अशा भाड्याची.

या संदर्भात इंग्लंडमधील मँचेस्टरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कापसावर मोठे झालेले आणि गिरण्या बंद पडल्यावर खचलेले शहर म्हणजे काय, हे खान्देशाला वेगळे सांगावे लागत नाही. तिथल्या ओस पडत चाललेल्या जुन्या व्यापारी भागात १९८२ मध्ये ‘ॲफ्लेक्स’ हा बाजार सुरू झाला. एका जुन्या मोठ्या दुकानाच्या इमारतीत लहान लहान गाळे पाडून, दीर्घ मुदतीच्या कराराची सक्ती न करता, ते नवख्या व्यावसायिकांना देण्यात आले. पुढे त्याच परिसरात रेकॉर्डची, कपड्यांची आणि पुस्तकांची स्वतंत्र दुकाने वाढली आणि ‘नॉर्दर्न क्वार्टर’ म्हणून तो भाग ओळखला जाऊ लागला.

रेकॉर्डच्या दुकानाचा मी मुद्दाम उल्लेख करतो. जुनी तबकडी घेणारा माणूस ती उजेडात तिरपी धरून ओरखडे पाहतो, वाजवून ऐकतो, आपल्याकडच्या प्लेअरला चालेल अशी सुई आहे का ते विचारतो, कारण मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या लाखेच्या रेकॉर्डला आणि लाँग प्ले रेकॉर्डला वेगवेगळी सुई लागते. हा सगळा व्यवहार समोरासमोरच नीट होतो आणि त्यात तास सहज जातो. त्या तासावर शेजारचा चहावाला, रद्दीतली पुस्तके विकणारा आणि रेडिओ दुरुस्त करणारा यांचेही चार पैसे सुटतात. मुंबईचे ‘ऱ्हिदम हाउस’ हे रेकॉर्ड-कॅसेटींचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले हे खरे, आणि त्याचे मलाही वाईट वाटले. परंतु अमेरिकेत २०२२ मध्ये नगसंख्येच्या हिशेबाने रेकॉर्डची विक्री सीडीपेक्षा जास्त झाली, तीही १९८७ नंतर प्रथमच.

आपल्याकडे अशा दुकानाला आणखी एक काम आहे. कानबाई देवीची गाणी, ‘वही’ या लोकप्रकाराचे गायन, अहिराणी लोकगीते यांच्या कॅसेटी आजही अनेक घरांत माळ्यावर पडून आहेत आणि त्यांच्या फिती दमट हवेने चिकटू लागल्या आहेत. त्या विकत घेणारा, स्वच्छ करून वाजवणारा आणि पेन ड्राइव्हवर भरून देणारा जाणकार पेठेत बसला, तर त्याचा धंदाही चालेल आणि हा ठेवाही वाचेल. पण अशा माणसाकडे मोठ्या अनामतीची ऐपत नसते, आणि लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्यालाच गाळा मिळत असेल, तर तो कधीच पेठेत येऊ शकणार नाही.

स्वस्त जागा देऊन माणसे आणण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. १८१८ नंतर ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्याची नवी पेठ वसवली, तेव्हा घरे बांधण्यासाठी भूखंड कायमचे सारामुक्त देण्यात आले आणि बांधकामाला उचलही दिली गेली. आजच्या महापालिकांनी आणि नगरपालिकांनी रिकाम्या गाळ्यांपैकी निदान काही गाळे विभागून अकरा महिन्यांच्या करारावर, नाममात्र अनामत घेऊन, नव्या व छोट्या व्यावसायिकांसाठी राखून ठेवावेत. पेठेत वर्दळ वाढली की भाडी चढतात आणि ती वर्दळ आणणाऱ्यांनाच गाळा सोडावा लागतो, म्हणून भाडेवाढीची मर्यादा करारातच लिहिलेली असावी. तांबट, कासार, शिंपी असे जे आधीपासून तिथे बसले आहेत, त्यांना या योजनेत पहिला मान मिळावा. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि पेठेच्या तोंडाशी वाहनतळ या दोन सोयी मात्र कोणत्याही कमानीच्या आधी व्हायला हव्यात.

आपला,
एक वाचक, धुळे