‘नाही’ हा शब्द आमच्या अहवालांतून परस्पर गाळल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा आणि उत्पादन विभाग

विषय : मराठी मजकुरातून वगळायच्या शब्दांची (स्टॉपवर्ड) यादी ग्राहकाला न विचारता बदलल्यामुळे निष्कर्ष चुकल्याबाबत.

संदर्भ : याच विषयावर आपल्या साहाय्य विभागाशी झालेला ईमेल व्यवहार.

महोदय/महोदया,

आपल्या मजकूर-विश्लेषण सॉफ्टवेअरचे आम्ही वर्गणीदार आहोत. औषध सुरू केल्यावर काय जाणवले हे रुग्ण स्वतःच्या शब्दांत लिहून देतात. त्या उत्तरांमधून कोणते त्रास वारंवार दिसतात हे शोधणे हे आमचे काम. उत्तरे हजारोंनी असतात, सगळी मराठीत असतात, आणि आमचा अहवाल औषधाबद्दल निर्णय घेणाऱ्यांच्या हाती जातो. म्हणून ही तक्रार मी सविस्तर लिहीत आहे.

आधी प्रत्यक्ष काय घडते ते पाहा. रुग्णांची मूळ उत्तरे गोपनीय आहेत, त्यामुळे त्याच धर्तीची दोन वाक्ये देते. ‘गोळी सुरू केल्यावर मळमळ झाली नाही.’ ‘गोळी सुरू केल्यावर खूप मळमळ झाली.’ आपल्या डीफॉल्ट यादीत ‘केल्यावर’, ‘झाली’, ‘नाही’ आणि ‘खूप’ हे चारही शब्द आहेत. ते गाळले की पहिल्या वाक्याचे उरते ‘गोळी सुरू मळमळ’, आणि दुसऱ्याचेही ‘गोळी सुरू मळमळ’. एकाला त्रास झाला, दुसऱ्याला झाला नाही, पण वारंवारतेच्या तक्त्यात दोघेही ‘मळमळ’ या एकाच ओळीत मोजले गेले.

तिसरे वाक्य याहून वाईट आहे : ‘औषधाआधी चक्कर यायची, आता येत नाही.’ यातले ‘यायची’, ‘आता’, ‘येत’ आणि ‘नाही’ यादीमुळे जातात. मग शब्दाचे मूळ रूप काढण्याची पायरी ‘औषधाआधी’चे ‘औषध’ करून टाकते. शब्दजोड्यांच्या तक्त्यात ‘औषध – चक्कर’ ही जोडी वर येते. औषधाने गुण आला असे रुग्ण सांगतो आहे, आणि आमच्या अहवालात औषधामुळे चक्कर येते असे दिसते. हा तक्ता समोर ठेवून कोणी औषध बंद करायला सांगितले, तर त्याला दोष कसा द्यायचा?

हे लक्षात आल्यावर आम्ही आपली यादी बाजूला ठेवून स्वतःची केली. नकाराची सगळी रूपे आम्ही मजकुरात राहू दिली : नाही, नाहीत, नव्हता, नव्हती, नको, नये. ‘खूप’, ‘थोडी’, ‘कमी’, ‘जास्त’ हे प्रमाण सांगणारे शब्द ठेवले. ‘आधी’, ‘आता’, ‘नंतर’, ‘अजून’ हे काळ सांगणारेही ठेवले. एकेका शब्दावर सहकाऱ्यांशी चर्चा करून, मूळ उत्तरे पुन्हा वाचून ही यादी तयार झाली होती. तिच्यावर काम नीट चालू होते.

मग आपले अपडेट आले आणि आमची यादी गेली. तिच्या जागी पुन्हा आपली डीफॉल्ट यादी आली. आधी सूचना नाही, अपडेटच्या टिपणात उल्लेख नाही, पडद्यावर इशारा नाही. तीच उत्तरे, तीच सेटिंग्ज, आणि दोन अहवालांचे आकडे जुळेनात, तेव्हा आम्हाला शंका आली. आपल्या अहवालाच्या शेवटी जी माहिती छापली जाते, तिच्यात दोन्ही वेळा एकच ओळ होती : ‘स्टॉपवर्ड : चालू’. कोणती यादी, किती शब्दांची, कधी बदललेली, यातले काहीच नाही. आपल्या साहाय्य विभागाने उत्तर दिले की ‘भाषिक संसाधने अद्ययावत करण्यात आली आहेत’. ग्राहकाने स्वतः केलेली यादी हे कंपनीचे भाषिक संसाधन नव्हे. ती आमच्या संशोधनपद्धतीचा भाग आहे. तिला हात लावण्याचा अधिकार आम्ही आपल्याला दिलेला नाही.

दुसरी अडचण अशी की यादी एकच आहे आणि ती सगळ्या प्रकल्पांना लागू होते. या अभ्यासात ‘गोळी’, ‘औषध’ आणि ‘डॉक्टर’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक उत्तरात येतात, म्हणून ते वगळणे बरोबरच आहे. पण आमचा दुसरा अभ्यास डॉक्टर रुग्णाशी कसे बोलतात याबद्दलचा आहे. या प्रकल्पात ‘डॉक्टर’ वगळला आणि त्या प्रकल्पातूनही तो नाहीसा झाला. कोणता शब्द निरुपयोगी हे प्रश्नावर अवलंबून असते, म्हणून यादी प्रत्येक प्रकल्पाची वेगळी असायला हवी.

तिसरी अडचण तांत्रिक आहे, आणि ती सोडवणे आपल्या अभियंत्यांच्याच हातात आहे. वारंवारतेच्या तक्त्यात मजकुराचे शब्द नीट वेगळे होतात. विषयगट काढण्याच्या, म्हणजे सोबत येणाऱ्या शब्दांवरून उत्तरांतले विषय ओळखण्याच्या, भागात मात्र ‘आण’, ‘चक’, ‘कर’ असे तुकडे सर्वांत वर दिसतात. ‘आण’ म्हणजे वेलांटी गेलेला ‘आणि’, आणि ‘चक’ व ‘कर’ म्हणजे मधोमध तुटलेली ‘चक्कर’. कारण उघड दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर निरनिराळ्या लिप्या साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही चिन्हे अक्षरांच्या गटात नसून जोडचिन्हांच्या गटात आहेत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात ठरावीक साचा शोधणाऱ्या सूत्रात) ‘शब्दातले अक्षर’ ओळखणारा जो नियम आहे, तो ही जोडचिन्हे धरत नाही, त्यामुळे शब्द तिथेच तुटतो. त्यावर ‘किमान दोन अक्षरे’ अशी अट घातली की ‘नाही’चे ‘न’ आणि ‘ह’ असे दोन सुटे तुकडे होतात आणि दोन्ही फेकले जातात. म्हणजे आम्ही ‘नाही’ हा शब्द यादीतून काढला तरी तो विषयगटांत परत येणारच नव्हता. यादी बदलून काही फरक पडत नाही हे पाहून आम्ही आपल्याकडे विचारणा केली, तर ‘आण’ आणि ‘कर’ हेही यादीत टाका असा सल्ला मिळाला. तो आम्ही मानला नाही. मोडलेल्या शब्दांचे तुकडे यादीत भरत गेलो, तर मूळ दोष झाकला जाईल आणि यादीवरचा विश्वासही जाईल.

यादी आयात करतानाही दोन गोष्टी नडतात. फाइल यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची नेहमीची पद्धत) असली आणि तिच्या सुरुवातीला बाइट-क्रमाचे अदृश्य चिन्ह असले, तर ते पहिल्या शब्दाला चिकटून राहते आणि तो शब्द कधीच जुळत नाही. दुसरे म्हणजे ‘बऱ्याच’सारखे शब्द. पडद्यावर सारखेच दिसणारे हे शब्द दोन प्रकारे साठवलेले असतात, कारण जुन्या टंकलेखनात अर्ध्या ‘र’साठी अदृश्य जोडचिन्ह वापरलेले असते. यादीत एक रूप आणि मजकुरात दुसरे असले, की यादी असून नसल्यासारखी होते. तुलना करण्याआधी दोन्ही बाजू एकाच रूपात आणणे एवढेच यासाठी लागते.

आता आपल्या साहाय्य विभागाच्या त्या विधानाकडे येते, ज्यामुळे मला हे पत्र लिहावेसे वाटले : ‘आमची यादी आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार आहे, आणि या शब्दांना विश्लेषणात अर्थ नसतो.’

अशी कोणतीही प्रमाण यादी नाही. इंग्रजीसाठी ल्युसीन या मजकूर शोधण्याच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची डीफॉल्ट यादी 33 शब्दांची आहे, आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या ‘स्मार्ट’ या माहिती शोधण्याच्या प्रणालीची 571 शब्दांची. यातली कोणती प्रमाण मानायची? 2018 मध्ये संशोधक जोएल नोथमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधल्या अशा याद्या तपासल्या, तेव्हा त्यांत विसंगती आणि टंकनचुका सापडल्या. मजकूर शब्दांत तोडण्याची पद्धत आणि यादी यांचा मेळ नसल्याचे उदाहरणही त्यांनी दाखवले, आणि वर मी तेच सांगते आहे. इंग्रजीची ही स्थिती असताना मराठीसाठी एक यादी बंद पेटीत ठेवून तिला प्रमाण म्हणणे चुकीचे आहे. त्यातही आपल्या मराठी यादीत ‘और’, ‘लेकिन’ आणि ‘मत’ आहेत, म्हणजे ती निदान काही प्रमाणात हिंदीवरून उचललेली आहे. त्यामुळे ‘डॉक्टरांचे मत’ यातले ‘मत’ आमच्या अभ्यासातून गेले. उलट ‘साठी’, ‘मुळे’, ‘पेक्षा’ हे शब्द यादीत सुटे दिले आहेत. मराठीत ते मागच्या शब्दाला जोडून लिहितात, म्हणून त्या नोंदी सहसा कुठे लागूच पडत नाहीत.

अर्थ नसण्याबद्दलही बोलले पाहिजे. असे शब्द गाळण्याची पद्धत 1950च्या दशकाच्या अखेरीस आयबीएममध्ये काम करणाऱ्या हान्स पीटर लून यांच्यापासून रूढ झाली. लेख कशाबद्दल आहे हे यंत्राने ओळखून त्याचा सारांश आणि सूची करणे हा तेव्हाचा हेतू होता. त्या कामासाठी ती योग्य होती. पण 1964 मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी ‘फेडरलिस्ट’ (अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने अठराव्या शतकात टोपणनावाने लिहिलेले) लेखांपैकी वादातले 12 लेख कोणाचे हे ठरवताना नेमके हेच साधे शब्द पुरावा म्हणून वापरले, आणि त्यांचा कौल त्या लेखकांपैकी जेम्स मॅडिसन यांच्या बाजूने गेला. कोणाच्या लेखनात कोणता बारीक शब्द किती वेळा येतो, यावर तो सगळा अभ्यास उभा आहे. माणूस कशाबद्दल बोलतो हे नामांवरून कळते, पण तो काय म्हणतो हे कळायला ‘नाही’, ‘पण’, ‘आता’, ‘थोडी’ हेच शब्द लागतात. रुग्णाने वेळ काढून लिहिलेल्या उत्तरातून त्याचे ‘नाही’ काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही सॉफ्टवेअरला नाही.

आमची मागणी पुढीलप्रमाणे आहे. सर्वांत आधी आमची जुनी यादी आपल्या बॅकअपमधून आम्हाला परत द्यावी, आणि यापुढे कोणतेही अपडेट ग्राहकाच्या यादीला हात लावणार नाही अशी व्यवस्था करावी. आपली डीफॉल्ट यादी बदलली, तर कोणते शब्द आले आणि कोणते गेले हे दाखवून ती स्वीकारायची की नाही हे आम्हाला ठरवू द्यावे. प्रत्येक अहवालासोबत त्या वेळी लागू असलेली पूर्ण यादी, तिचा व्हर्जन क्रमांक आणि यादी मूळ रूप काढण्याआधी लागू झाली की नंतर, हे छापले जावे. एवढे नसेल तर तोच निष्कर्ष दुसऱ्या कोणाला पुन्हा काढून पाहता येत नाही, आणि तपासता न येणारा अहवाल आम्ही कोणाच्या हाती देऊ शकत नाही. नकाराचे शब्द डीफॉल्ट यादीतून काढावेत. ज्याला ते वगळायचे असतील, तो स्वतः घालील.

शब्द गाळल्यावर त्याची जागा रिकामी ठेवण्याची सोयही द्यावी. आत्ता गाळलेल्या शब्दाच्या दोन्ही बाजूंचे शब्द एकमेकांना चिकटतात, आणि मूळ वाक्यात कधीच शेजारी नसलेल्या शब्दांच्या जोड्या तयार होतात. विषयगटांचा भाग दुरुस्त होईपर्यंत मराठी मजकुरासाठी तो बंद ठेवावा, किंवा निदान त्याच्यावर स्पष्ट इशारा लावावा. आमच्यासारखे मराठीत काम करणारे इतर ग्राहकही असतील, आणि आपल्या अहवालात ‘नाही’ उरलेले नाही हे त्यांना ठाऊक नसेल. त्यांना ही बाब आपण स्वतःहून कळवावी. माझ्या दृष्टीने ही मागणी आमच्या यादीइतकीच महत्त्वाची आहे.

अपडेटनंतर आपल्या सॉफ्टवेअरवर काढलेले सगळे अहवाल आम्हाला पुन्हा करावे लागत आहेत. त्या काळाची वर्गणी परत करावी, किंवा तेवढी मुदत वाढवून द्यावी. वरील वाक्ये, दोन्ही अहवालांतील तक्ते आणि तुटलेल्या शब्दांचे नमुने या पत्रासोबत जोडले आहेत. आपल्या अभियंत्यांना आणखी नमुने लागले तर रुग्णांची ओळख काढून टाकलेला मजकूर द्यायला आम्ही तयार आहोत. उत्तर लेखी द्यावे, आणि प्रत्येक दुरुस्ती कधीपर्यंत होईल ते त्यात नमूद करावे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक वर्गणीदार

सोबत : वर उल्लेखिलेले तक्ते आणि नमुने