पाटी मराठी झाली, काचेआडचं काय?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी लालबागची. बारा वर्षं कपड्यांच्या दुकानांचे डिस्प्ले लावते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा शेवटच्या आठवड्यात आमच्या मॉलमध्ये फ्लेक्सवाल्यांची नुसती धावपळ उडाली होती. पाट्या लागल्या, छान झालं. पण गिऱ्हाईक पाटीपेक्षा काचेआडचा पुतळा जास्त बघतं, आणि तिथे आपली नुसती वेशभूषा स्पर्धा चाललेली असते.

एका पाडव्याला हेड ऑफिसातून ड्रॉइंग आलं. गुढीवर गडू सुलटा, वर नारळ. कडुलिंबाच्या जागी प्लास्टिकची आंब्याची पानं, गाठी नाहीतच. मी म्हटलं, "सर, गडू पालथा असतो." मॅनेजर म्हणाले, "ताई, ड्रॉइंगप्रमाणे लावा, फोटो पाठवायचाय." रात्री शटर पडताना मी तो गुपचूप पालथा करून आले. सकाळी परत सुलटा! शेजारच्या पुतळ्याला शिवलेली नऊवारी, त्यातही काष्टा मागे टाचण्यांनी अडकवलेला, आणि नथ सेलोटेपने उजव्या नाकपुडीवर.

चूक कुणी मुद्दाम करत नाही. ड्रॉइंग काढणाऱ्याने गुढी कधी उभारलेली नसते, इतकंच. म्हणून दंडाचा नवा नियम नको; आमच्यासारख्यांनाच मॅनेजर त्यापायी ओरडतील. तुमच्या खात्याने सणांची, नेसणींची बिनचूक छायाचित्रं मोफत द्यावीत. कोळणीचं लुगडं वेगळं, ब्राह्मणी नऊवारी वेगळी, हे त्यात दिसू दे. आयटीआयमध्ये डिस्प्लेचा छोटा कोर्स असला तर आमच्या चाळीतली चार पोरं कामाला लागतील.

आणखी एक. २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता दाखवल्या, तेव्हा आपण केवढे भडकलो! इथल्या मॉलमध्ये वारलीचा तारपा छापलेल्या पिशवीवर नुसतं 'एथनिक प्रिंट' लिहिलेलं असतं. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे. शेजारी 'वारली, पालघर' एवढी चिठ्ठी लावायला किती खर्च येतो? सुरुवात सरकारी विक्री केंद्रांपासून करा, तिथल्या पुतळ्यांवरची धूळही त्या निमित्ताने झटकली जाईल.

पाडव्याची ड्रॉइंगं आमच्याकडे फेब्रुवारीत येतात. छायाचित्रं त्याआधी मिळाली तर बरं होईल.

आपली,
लालबागची एक डिस्प्लेवाली